दोन निवडणुकांमधली पाच वर्षं

प्रस्तावना

२०२१ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात गेला. नव्या हंगामासाठी जाहीर झालेला हमीभाव होता ३,९५० रुपये. शेतकऱ्यांचा जुना माल तोवर बहुतेक विकून झाला होता. पण रानात नवं पीक उभं होतं आणि तो भाव पाहून लातूर-नांदेडच्या खेड्यापाड्यांत पुढच्या वर्षाचे हिशेब मांडले जात होते. २४ ऑगस्टला केंद्र सरकारने १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. ही पेंड जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची होती. असं सोयाबीन आपल्या शेतात पेरायला परवानगी नाही. त्याची पेंड मात्र परदेशातून आणायची वाट मोकळी झाली. नवा माल बाजारात आला तोवर भाव निम्म्यावर उतरला होता.

त्या घसरणीचं सगळं खापर या एका आदेशावर फोडणं बरोबर होणार नाही. नव्या मालाची आवक सुरू झाली की भाव उतरतोच. त्या वर्षी सप्टेंबरअखेरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यात काढणीला आलेलं पीक पाण्यात गेलं, हाती आलेल्या मालात ओलावा जास्त होता. पण आयातीची बातमी बाजारात पोचली आणि खरेदीदाराने हात आखडता घेतला, हेही तितकंच खरं. ही परवानगी कोणी मागितली होती, हे गुपित नव्हतं. पोल्ट्री उद्योगाच्या संघटनांनी सरकारकडे उघडपणे ती मागणी केली होती. कोंबडीच्या खाद्यात सोयापेंड हा मोठा घटक. तिचे दर भडकल्याने छोटे पोल्ट्रीवाले बुडत आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यात तथ्य होतं. इंदूरच्या सोयाबीन प्रक्रियादारांच्या संघटनेने, म्हणजे ‘सोपा’ने, आयातीला विरोध केला. तिचाही हितसंबंध उघड होता. दोन्ही बाजूंना कार्यालयं होती, आकडेवारी होती, मंत्रालयापर्यंत जाणारी पत्रं होती. औशाच्या, निलंग्याच्या, मुखेडच्या, लोह्याच्या सोयाबीन उत्पादकाकडे यातलं काहीच नव्हतं. त्याच्याकडे एक खासदार होता. संसदेचं पावसाळी अधिवेशन ११ ऑगस्टलाच गुंडाळलं गेलं होतं. परवानगी निघाली ती परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने. त्या खासदाराला त्यावर मत द्यावं लागलं नाही, कारण ते कोणी मागितलंच नव्हतं.

हे पुस्तक या रिकाम्या जागेबद्दल आहे. मतदार पाच वर्षांतून एक दिवस बोलतो. उरलेल्या दिवसांत लोकप्रतिनिधीच्या कानाशी कोण असतं, ते काय मागतं, आणि त्याची नोंद कुठे राहते? लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतून हा प्रश्न पाहायचं ठरवलं, त्याला कारण आहे. एक तर इथली मुख्य पिकं, सोयाबीन, तूर, कापूस आणि ऊस, ही चारही सरकारी निर्णयांच्या दोरीला बांधलेली आहेत. आयात शुल्क, साठ्याची मर्यादा, हमीभावाची खरेदी, वायदेबाजारावरची बंदी, उसाची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर), इथेनॉलचं धोरण: यातला एकही निर्णय गावात होत नाही आणि प्रत्येकाचा परिणाम गावातच होतो. दुसरं म्हणजे या दोन जिल्ह्यांनी राज्याला मुख्यमंत्री दिले, देशाला गृहमंत्री दिले, लोकसभेला अध्यक्ष दिले. सत्तेजवळ माणसं नव्हती, अशी तक्रार इथे चालणार नाही. तरीही इथल्या शेतकऱ्याचं म्हणणं वेळेवर पोचत नसेल, तर दोष अंतराचा नाही, रचनेचा आहे.

एक गैरसमज सुरुवातीलाच बाजूला ठेवायला हवा. सरकारवर दबाव आणणं हे पाप नाही. संघटना काढण्याचा, सभा भरवण्याचा, आपली बाजू मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला दिला आहे; व्यापाऱ्याला, कारखानदाराला आणि हमालालाही. मराठवाड्याला तर हे नव्याने सांगायला नको. विकासाचा अनुशेष ही मागणी इथल्या लोकांनी ठरावांतून, परिषदांतून, मोर्चांतून मांडली. मराठवाडा जनता विकास परिषदेसारख्या संस्थांनी ती वर्षानुवर्षं लावून धरली. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने त्या अनुशेषाला आकडे मिळाले. घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. ती २०२० च्या एप्रिलअखेर मुदत संपून थांबली, तेव्हा आवाज क्षीण झालेला होता. रेल्वे रुंदीकरणाचीही कथा अशीच. लातूर-मिरज हा अरुंद मार्ग रुंद व्हावा म्हणून लोकांनी दीर्घकाळ मागणी केली आणि टप्प्याटप्प्याने ते काम झालं. पुढे, १२ एप्रिल २०१६ रोजी, मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी तहानलेल्या लातुरात आली ती याच रुळांवरून. उघड्या, चिवट, सार्वजनिक दबावाने काय घडतं याचा याहून चांगला दाखला इथे शोधून सापडणार नाही.

अशा दबावाची एक मर्यादाही या दोन शहरांनी पाहिली आहे. २००९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मराठवाड्यासाठी दुसरं महसूल विभागीय आयुक्तालय नांदेडला देण्याचं ठरवलं. लातूरने विरोध केला, बंद पाळले, प्रकरण न्यायालयात गेलं. दोन्ही गावांच्या नेत्यांनी आपापल्या गावासाठी वजन खर्च केलं, आणि आयुक्तालय वर्षानुवर्षं कोणालाच मिळालं नाही. किनवटच्या माणसाला आयुक्तालयातल्या कामासाठी थेट संभाजीनगर गाठावं लागतं, ही मूळ अडचण त्या ओढाताणीत मागे पडली. जिल्ह्याचा अभिमान चेतवणं सोपं असतं. दोन जिल्ह्यांचं समान हित घेऊन एकत्र उभं राहणं अवघड. सोयाबीनच्या प्रश्नावर लातूर आणि नांदेडचे आमदार-खासदार एका निवेदनावर सह्या करून दिल्लीला गेले असते, तर ती ताकद कितीतरी मोठी ठरली असती.

दबावाचा दुसरा प्रकार बाजारात दिसतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की हमीभावापेक्षा कमी दराने माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि ५० हजार रुपये दंड करायचा. राज्यातल्या अनेक बाजार समित्यांत व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवली. लातूरचा आडत बाजारही त्यात होता. मूग-उडदाची आवक सुरू होण्याचे ते दिवस. व्यापाऱ्यांची बाजू अशी, की ओला, डागी, बारीक माल हमीभावाने घ्यायचा कसा, आणि वरच्या बाजारात दर पडलेले असतील तर तोटा कोणी सोसायचा? प्रश्न रास्त होता. पण त्याचं उत्तर विधिमंडळातल्या चर्चेतून निघालं नाही. बाजार बंद राहिला, शेतकऱ्याचा माल घरात अडकला, आणि तो निर्णय कागदावरच राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाजार समित्यांच्या कायद्यातल्या दुरुस्तीचं विधेयक विधानसभेत मंजूर होऊन विधान परिषदेत आलं होतं. नवी मुंबईच्या बाजारात व्यापारी आणि माथाडी कामगारांनी काम बंद केलं आणि सरकारने ते विधेयक मागे घेतलं. विधानसभेने मंजूर केलेलं विधेयक बाजार थांबवून परतवता येतं, हे सगळ्यांनी पाहिलं. दबाव केवळ धनवंतांचा असतो, हा समजही यातून गळून पडतो; माथाडी कामगार काही भांडवलदार नव्हेत. ताकद पैशातून येते तशी ती संघटनेतूनही येते, आणि त्याहून जास्त ती येते काहीतरी थांबवण्याच्या क्षमतेतून. सोयाबीन शेतकऱ्याला काय थांबवता येतं? माल घरात ठेवला तर बँकेचा हप्ता चुकतो, रब्बीच्या बियाण्याला पैसे उरत नाहीत. त्याची गरजच त्याचा संप मोडते.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड, कारण तिथे दबाव आणणारा आणि दबाव सोसणारा हे दोघे एकच असतात. साखर कारखानदारी हे त्याचं ठळक उदाहरण. महाराष्ट्रात कारखान्याचा अध्यक्ष आणि आमदार, जिल्हा बँकेचा संचालक आणि मंत्री, ही एकाच माणसाची ओळख असणं कोणाला खटकत नाही. लातुरात मांजरा कारखान्याशी देशमुख कुटुंबाचं नाव जोडलेलं आहे, नांदेडला भाऊराव चव्हाण कारखान्याशी चव्हाण कुटुंबाचं. या कारखान्यांनी भागात पैसा आणला, रोजगार आणला. मांजरा परिवाराचा ऊसदराबाबतचा लौकिकही चांगला आहे. हे मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारायचा आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज द्यायचं. कारखान्यांना हे जड जात होतं. २१ फेब्रुवारी २०२२ रोजी राज्य सरकारने शासन निर्णय काढून एफआरपी दोन टप्प्यांत द्यायला मुभा दिली. ऊस उत्पादकांच्या वतीने शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दरम्यान तीन वर्षं गेली. ज्या सभागृहात कारखान्यांचे अध्यक्ष मोठ्या संख्येने बसतात, तिथे ऊस घालणाऱ्याची बाजू कोणी मांडायची, हा प्रश्न न्यायालयाच्या निकालाने सुटत नाही.

साखर उद्योगाचा हात किती लवकर पोचतो तेही पाहण्यासारखं आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. कारखान्यांनी त्यावर कोट्यवधी रुपये गुंतवले होते. राज्यातले सगळ्या पक्षांचे नेते दिल्लीकडे बोलू लागले. १५ डिसेंबरला केंद्राने १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत पुन्हा परवानगी दिली. आठ दिवस लागले. तुरीच्या शेतकऱ्याच्या वाट्याला असे आठ दिवस कधी आले? २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली, सरकारने शेतकऱ्यांना तूर पेरायला सांगितलं, त्यांनी पेरली, आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये ५,०५० रुपये हमीभावाच्या खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागलेल्या असताना २२ तारखेला केंद्रं बंद झाली. तुरीच्या आयातीवर मर्यादा आली ती ऑगस्टमध्ये, माल कवडीमोलाने विकून झाल्यावर.

तरीही साखर लॉबी जे मागते ते सगळं तिला मिळतं, असं म्हणणं खोटं ठरेल. साखरेचा किमान विक्री दर २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये झाला आणि कारखानदारांनी कितीही मागणी केली तरी पुढची पाच वर्षं तिथेच राहिला, कारण शहरी ग्राहकाची नाराजी हाही मोठा दबाव आहे. लोकशाहीत एका वजनाला दुसरं वजन तोलून धरतं. प्रश्न ज्याचं काहीच वजन ताजव्यात पडत नाही त्याचा आहे. मांजरा खोऱ्यातला उसाखालचा वाढता पेरा आणि लातूर शहराचा रिकामा नळ हे एकाच पाण्याचे दोन हिशेब आहेत. उसाला मराठवाड्यात आवर घालावा, अशी शिफारस विभागीय आयुक्तांच्या कार्यालयातूनच २०१९ मध्ये सरकारकडे गेली होती. तिच्यामागे कोणती संघटना उभी राहिली? पिण्याच्या पाण्याला लॉबी नाही. घागर घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला प्रतिनिधी मंडळ नसतं.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, म्हणजे भ्रष्टाचाराचीच गोष्ट. नाही. भ्रष्टाचार हा या विषयाचा एक कोपरा आहे, आणि त्याच्यासाठी निदान नियम तरी आहेत. देश प्रजासत्ताक होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं, तेव्हा हंगामी संसदेतले मुंबईचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर आरोप झाला, की बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून मोबदला घेऊन त्यांनी सभागृहात प्रश्न विचारले आणि तिच्या बाजूने खटपट केली. स्वतः पंतप्रधान नेहरूंनी चौकशी समितीचा ठराव मांडला. समितीने ठपका ठेवला. हकालपट्टी होणार हे दिसताच सप्टेंबर १९५१ मध्ये मुदगल यांनी राजीनामा दिला, तरी सभागृहाने त्यांचं वर्तन हकालपट्टीलाच पात्र होतं असं नोंदवून ठेवलं. २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडलेल्या अकरा खासदारांना संसदेने बाहेर काढलं. त्यांत जळगाव जिल्ह्यातले दोघे होते. ४ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १९९८ चा आपलाच निकाल उलटवला आणि लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या किंवा बोलणाऱ्या सदस्याला विशेषाधिकाराची ढाल मिळणार नाही, असं सांगितलं.

पण ज्या प्रभावात एक रुपयाही हातात दिला जात नाही, त्याचं काय? निवडणुकीचा खर्च उचलणारा, पक्षाला देणगी देणारा, मुलांच्या शिक्षणसंस्थेला जागा देणारा माणूस पुढे फक्त भेटीची वेळ मागतो, आणि ती त्याला मिळते. निवडणूक रोख्यांची योजना १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती याच कारणाने: कोणी कोणाला किती दिलं हे मतदाराला कळलंच नाही, तर त्या देणगीच्या बदल्यात काय घडलं हेही त्याला कळणार नाही. शिवाय काही दबाव असा असतो, की त्यातून कायदा घडत नाही, कायदा अडतो. खासगी शिकवण्यांचं नियमन करणाऱ्या कायद्याची चर्चा राज्यात २०१७-१८ पासून आहे. लातूर आणि नांदेड ही दोन्ही गावं शिकवण्यांची केंद्रं. हजारो मुलं आणि त्यांच्या आईबापांची पुंजी इथे येते. तो कायदा वर्षामागून वर्ष पुढे का ढकलला जातो, याचा कागद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. झालेल्या कायद्याचा मागोवा काढता येतो, न झालेल्या कायद्याचा काढता येत नाही.

आमदार-खासदारांवर राग काढण्याआधी त्यांच्या हातात काय उरलंय तेही पाहू या. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने घोडेबाजार रोखायचा होता. त्याचा एक परिणाम असा झाला, की विधेयकावर सदस्याचं मत पक्षादेशाने बांधलं गेलं. ज्याला निर्णय फिरवायचा आहे तो मग साध्या आमदाराकडे कशाला जाईल? तो पक्षश्रेष्ठींकडे जातो, मंत्र्याकडे जातो, सचिवाकडे जातो. दबाव वर सरकला आणि सभागृहाबाहेर गेला. सदस्याच्या हाती राहिले तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अशासकीय विधेयक आणि समितीतलं काम. ही साधनं लहान नाहीत. मन्याड खोऱ्यातले केशवराव धोंडगे कंधारमधून पुन्हापुन्हा निवडून गेले ते विरोधी बाकांवर बसून. ज्यांना मुंबईत कोणी ओळखत नव्हतं अशा माणसांचे प्रश्न त्यांनी सभागृहाच्या पटलावर आणले. आणि संसदेत खातेनिहाय स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षपदी होते लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर. या समित्यांपुढे उद्योगाची संघटना येते तशी शेतकऱ्यांचीही येऊ शकते. निवेदन लेखी द्यावं लागतं, साक्ष नोंदली जाते, अहवाल छापला जातो. दबावाला दिवसाच्या उजेडात बसायला खुर्ची देणारी याहून चांगली व्यवस्था आपल्याकडे नाही. ती घडवणाऱ्यांत आपल्या मातीतला माणूस होता, हे लातूरच्या किती तरुणांना ठाऊक आहे?

या व्यवस्थेला टाळून जेव्हा निर्णय होतात, तेव्हा ते निवडणुकीच्या तारखांकडे पाहून होतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत लातूर आणि नांदेड या दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कितीतरी कमी दराने माल जात होता. १३ सप्टेंबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणुकीच्या दोन महिने आधी, केंद्राने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लावलं. निवडणूक झाली, निकाल लागले. ३० मे २०२५ रोजी, पेरणीच्या तोंडावर, ते शुल्क १० टक्क्यांवर आलं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, महागाईचा प्रश्न खरा आहे, तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांचं गणितही खरं आहे. पण नांदेडच्या शेतकऱ्याने यातून काय शिकावं? मत देण्याआधी दोन महिने आपलं वजन असतं, एरवी नसतं. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वस्त्रोद्योगाच्या मागणीनुसार उठवण्यात आलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. वेचणी सुरू व्हायचे ते दिवस. अमेरिकेने लादलेल्या करांमुळे गिरण्या अडचणीत होत्या, हे मान्य. किनवट-हदगावचा कापूसवाला अडचणीत नव्हता काय? त्याला कोणत्या टेबलावर बोलावलं गेलं?

संघटनेने काय फरक पडतो, हे नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या बाबतीत दिसलं. बारा जिल्ह्यांतून आखलेला हा रस्ता. कोल्हापुरात शेतकरी एकवटले, तिथल्या सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांना भूमिका घ्यावी लागली आणि विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्या जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. रस्ता लातूर-नांदेडमधूनही जातो, विरोध इथल्या शेतकऱ्यांनीही केला. अर्धापूरच्या बागायतदाराला आपली जमीन कोल्हापूरकराइतकीच प्यारी आहे. पण त्याच्यामागे उसाच्या आंदोलनांनी वर्षानुवर्षं घडवलेली संघटना नव्हती. रस्ता हवा की नको, यावर मतभेद असू शकतात. एका जिल्ह्याचं ऐकायचं आणि दुसऱ्याचं ऐकायचं नाही, याला मात्र धोरण म्हणता येणार नाही.

मग करायचं काय? दबाव बंद करता येणार नाही आणि करूही नये. तो दिसला पाहिजे, आणि ज्यांचा तो आज पोचत नाही त्यांना वाट मिळाली पाहिजे. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने कायदेमंडळाकडे खटपट करणाऱ्यांना नोंदणी आणि खर्चाचा तपशील द्यावा लागतो. आयर्लंडने २०१५ मध्ये तसाच कायदा केला. अमेरिकेतल्या नोंदींमुळेच २०१२ मध्ये वॉलमार्टने भारतीय बाजारात शिरण्यासाठी केलेल्या खटपटीचा खर्च तिकडे उघड झाला, त्यावरून आपल्या संसदेत गदारोळ झाला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पण असा कायदा आपल्याकडे झाला नाही. २०१३ मध्ये लोकसभेत आलेलं अशासकीय विधेयक तसंच राहिलं. परदेशातल्या नोंदवहीतून आपल्या धोरणाची बातमी कळावी, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

या पुस्तकाच्या मागण्या चार आहेत. पहिली: मंत्री आणि सचिव कोणत्या संघटनेला, कोणत्या विषयावर भेटले, याची नोंद दर महिन्याला संकेतस्थळावर यावी. दुसरी: राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही असते, तशी ती विधानसभा आणि विधान परिषदेतही असावी, आणि ऊस, दूध, शिक्षणसंस्था, सहकारी बँका यांवर बोलताना सदस्याने आपलं पद आधी सांगावं. तिसरी: केंद्राने २०१४ मध्ये ठरवल्याप्रमाणे कायद्याचा मसुदा तीस दिवस लोकांपुढे ठेवावा, आणि पिकांच्या आयात-निर्यातीचे मोठे आदेशही पेरणी ते काढणीच्या काळात परिणामाचा लेखी अंदाज दिल्याशिवाय निघू नयेत. चौथी: राज्य विधिमंडळातली महत्त्वाची विधेयकं समितीकडे जावीत आणि समितीने मुंबईबाहेर, जिल्ह्यात बसून लोकांचं ऐकावं. जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा बारा हजारांहून जास्त सूचना आल्या. वाट उघडली की लोक येतात.

पुढच्या प्रकरणांत एकेक पीक, एकेक निर्णय घेऊन त्याच्या मागे कोणाची मागणी होती आणि ती कोणत्या मार्गाने गेली, हे सार्वजनिक कागदांच्या आधारे तपासलं आहे: अधिसूचना, शासन निर्णय, सभागृहातले प्रश्नोत्तर, समित्यांचे अहवाल, न्यायालयाचे निकाल. कोणाला खलनायक ठरवण्यासाठी हे लिहिलेलं नाही. आडत्या, कारखानदार, पोल्ट्रीवाला, आयातदार हे सगळे आपापलं काम करत आहेत, आणि ते चोख करत आहेत. काम राहिलंय ते आपलं.

म्हणून वाचकाला एक विनंती. तुम्ही लातूर किंवा नांदेड जिल्ह्याचे मतदार असाल, तर येत्या अधिवेशनाआधी आपल्या आमदाराला आणि खासदाराला लेखी पत्र द्या. एकट्याने देऊ नका. गावातल्या शेतकरी गटाच्या, महिला बचत गटाच्या, ग्रामसभेच्या ठरावासह द्या. त्यांनी मागच्या अधिवेशनात कोणते प्रश्न विचारले हे संसदेच्या आणि विधिमंडळाच्या संकेतस्थळांवर पाहा. स्थायी समितीने सूचना मागवल्याची जाहिरात आली, तर मराठीत का होईना, दोन पानं लिहून पाठवा. मंत्री कोणाला भेटले, याची माहिती माहिती अधिकाराखाली मागा. उद्योगांच्या संघटना हेच करतात, फक्त नेमाने करतात. आपल्याला मत एक दिवस आहे, पण लोकप्रतिनिधी पाच वर्षांसाठी आहे. त्या पाच वर्षांचा हिशेब मागणं हा मतदानाइतकाच आपला हक्क आहे.